युफोनियमसाठी पाठीवरची बॅग – काय बघून घ्यावी?

धोपावेकर
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका बँडात युफोनियम (मोठ्या भोंग्याचं, खर्जाचं पितळी वाद्य) वाजवतो. वाद्य मेरठचं, तीन पिस्टनचं. आजवर चादरीत गुंडाळून टेम्पोत टाकायचो. आता दापोलीकडच्या सुपाऱ्या यायला लागल्यात. म्हणजे धोपाव्याहून फेरीबोट, दाभोळला उतरून एसटी, नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरवर मागे. म्हणून पाठीला लावायची बॅग घ्यायची आहे. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. गणपतीत भर पावसात वाजवावं लागतं, ते धरून सांगा.

फाल्गुनमास
हार्ड केस घे आणि मोकळा हो.

धोपावेकर
मित्राची उचलून बघितली. वाद्यासकट ती घेऊन बोटीच्या उतारावर चढायचं म्हणजे हमालीच, दादा.

खर्जातला काका
हार्ड केस टेम्पोवाल्यांनी घ्यावी. तुझ्यासारख्याला बॅगच बरी, पण बघून घे.

पहिलं म्हणजे टेप लावून वाद्य मोज. भोंग्याचा व्यास, आणि भोंग्याच्या काठापासून खालच्या वळणापर्यंतची उंची. युफोनियमचा भोंगा साधारण 11-12 इंचांचा असतो, आणि एका इंचाने चेन लागत नाही. दुकानदार ‘बॅरिटोनची पण चालेल’ म्हणेल. ऐकू नको. बॅरिटोन म्हणजे युफोनियमचाच भाऊ, दोघांची नळी 9 फुटांचीच, पण बॅरिटोन अंगाने सडपातळ.

मग फोम दाबून बघ. गादीतला स्पंज पाणी पितो आणि भाद्रपदात काही केल्या सुकत नाही. ईपीई फोम हवा, नव्या लॅपटॉपच्या खोक्यात येतो तो पांढरा. तो पाणी धरत नाही. फोम सगळीकडे सारखा असून भागत नाही, भोंग्याच्या काठाला आणि खालच्या वळणाला दुप्पट पाहिजे. एसटीत कंडक्टर ‘पुढे सरका’ म्हणाला की पहिला दणका तिथेच बसतो.

चेन जाड नायलॉनची. धातूची चेन खाऱ्या हवेत गंजते आणि नेमकी वरात निघताना अडकते. वरचं कापड रेक्झिनचं नको, आपल्या दमटात त्याची सालं निघतात. पट्टे नुसते कापडाला शिवलेले नसावेत. बॅगेच्या तळाखालून फिरवून आणलेले बघ. चार-पाच किलोचं ओझं आहे, शिवण उसवते. छातीवर बांधायचा पट्टा असेल तर उत्तम. आणि स्कूटरवर बसायच्या आधी हेल्मेट घालून मान मागे करून बघ, काठ टेकतो का ते. बॅगा विकणाऱ्यांना हेल्मेट माहीतच नसतं बहुतेक.

माउथपीसला बाहेरचा वेगळा कप्पा हवाच. आत सुटा राहिला तर आतूनच पोचे पाडतो.

धोपावेकर
काका, ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली घेतली तर पावसाचा प्रश्न मिटला ना?

खर्जातला काका
कापड वॉटरप्रूफ असेल रे, शिवण आणि चेन कुठली असायला! वरून प्लास्टिकचं आवरण लागणारच. आणि खरी भानगड बाहेरच्या पाण्याची नाहीच. विसर्जनाहून आलास की कळ दाबून आतलं पाणी काढ, वाद्य पूस, आणि बाहेर ठेव. बॅग उलटी करून वाऱ्यावर टाक. ओलं वाद्य बंद बॅगेत राहिलं तर घाम, मीठ, ओल सगळं मिळून कळंक चढतो आणि स्लाइड, म्हणजे सूर जुळवायला सरकवायची नळी, जागची हलत नाही. बॅग रस्त्यापुरती, घरात वाद्य कोरड्या कपड्याखाली.

मागच्या रांगेतली
मी ट्यूबावाली, म्हणजे युफोनियमहून मोठं वाद्य. माझ्या मापाची बॅग बाजारात मिळेना, तेव्हा गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून करून घेतली. त्याच्याकडे जाड सुई असते, दोराही नायलॉनचा असतो. शृंगारतळीत असा कुणी आहे का बघा. कागदावरचं माप देऊ नका, वाद्यच घेऊन जा. फोमची जाडी धरून दोन्ही बाजूंनी बोटभर ढिली ठेवायला सांगा, आणि माप घेताना माउथपीस काढून ठेवा.