'द्रष्टा' आणि 'वादग्रस्त': चरित्रात हे शब्द कसे वापरावेत?

प्रश्न : एका दिवंगत साहित्यिकाचं चरित्र लिहितोय. पाठमजकुरात, म्हणजे पुस्तकाच्या मागच्या बाजूच्या ओळखीत, 'द्रष्टा आणि वादग्रस्त लेखक' असं लिहिलं, तर संपादकांनी दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून परत पाठवलं. 'द्रष्टा'चा अर्थ दूरदृष्टीचा असाच ना? आणि 'दृष्टा' लिहिलं तर चालतं का?

उत्तर : 'दृष्टा' नको. 'दृष्ट' म्हणजे पाहिलेलं, 'द्रष्टा' म्हणजे पाहणारा. धातू एकच, दृश्, पण कर्ता आणि कर्म उलटतात. सामान्यरूप 'द्रष्ट्या' : 'द्रष्ट्या लेखकाचे चरित्र'. जीभ अडखळते म्हणून लोक टाळतात आणि 'द्रष्टे लेखकाचे' असं काहीतरी करून बसतात. स्त्रीसाठी संस्कृतात 'द्रष्ट्री' आहे, मराठीत मी तो क्वचितच पाहिलाय.

अर्थाचं म्हणाल तर दूरदृष्टी हा नंतरचा थर. ऋषींना मंत्रद्रष्टे म्हणतात ते त्यांनी मंत्र रचले नाहीत, 'पाहिले' या समजुतीने. द्रष्टा-दृश्य-दर्शन (पाहणारा, दिसणारं आणि पाहणं) या त्रिपुटीतला द्रष्टाही भविष्य सांगत नाही, तो समोरचं पाहतो. वीस वर्षांनंतरची गरज ओळखून धरण बांधणारा तो दूरदर्शी. लेखकाला मात्र 'द्रष्टा' जास्त शोभतो, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलंच त्याला आधी दिसतं.

दुसरं उत्तर : माझी तक्रार 'वादग्रस्त'बद्दल आहे. ग्रस् म्हणजे गिळणे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसा वादग्रस्त! मदतनिधी गोळा करावा की काय असं वाटतं. जमीन किंवा मिळकत वादग्रस्त असते हे पटतं, कारण वाद तिच्यावरून असतो आणि ती बिचारी गप्प असते. पुस्तकही वादग्रस्त असू शकेल. पण ज्याने आयुष्यभर स्वतःहून वाद अंगावर घेतले त्याला 'ग्रस्त' कसं म्हणायचं? 'विवादास्पद'ही विधानाला किंवा निर्णयाला बरा, माणसाला नाही.

प्रश्नकर्ता : मग पर्यायी शब्द?

दुसरं उत्तर : शब्द शोधूच नका, घटना सांगा. कवी बा. सी. मर्ढेकरांचंच घ्या. 'काही कविता' हा संग्रह 1947 साली आला, अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. 1956 मध्ये ते गेले. आज त्यांना नवकवितेचे प्रवर्तक म्हणतात. 'वादग्रस्त कवी' म्हटलं की खटला, दुर्बोधतेचे आरोप, टवाळी हे सगळं एका विशेषणाच्या पोटात जातं आणि वाचकाला काहीच कळत नाही. आक्षेप कुणी घेतला, कोणत्या ओळीला, कवी त्यावर काय बोलला किंवा गप्प राहिला, हे लिहिलंत की विशेषणाची गरजच उरत नाही.

पहिलं उत्तर : सहमत. आणि 'द्रष्टा' तर चरित्रनायकाला बहुधा मागाहूनच चिकटतो. संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, अश्लीलतेचे खटले लढत होते. आज त्यांना सहज द्रष्टे म्हणतात. चरित्रात 1930च्या दशकातल्या प्रकरणात हा शब्द आला की मला खटकतं. त्या काळी त्यांना लोक काय म्हणत होते ते तिथे हवं.

आणखी एक प्रश्न : मध्येच विचारते, 'चरित्र' की 'चारित्र्य'? एका हस्तलिखितात 'चारित्र्यलेखन' वाचलं.

पहिलं उत्तर : 'चरित्रलेखन'च. चरित्र म्हणजे आयुष्याची हकिकत, चारित्र्य म्हणजे शील. हिंदीत 'चरित्र' शीलाच्या अर्थानेही चालतो आणि चरित्राला 'जीवनी' म्हणतात, तिथून घोटाळा शिरतो. बदनामीला 'चारित्र्यहनन' म्हणायचं. अर्थात काही चरित्रं वाचून दोन्ही शब्द लागू पडतील असं वाटतं.

प्रश्नकर्ता : पाठमजकुरातले दोन्ही शब्द काढले. आता तिथे चरित्रनायकावरच्या खटल्याचं साल आहे आणि त्यांनी संपादकपद सोडताना लिहिलेल्या पत्रातली एक ओळ. मजकूर चार ओळींनी वाढला, आता संपादक त्यावर काय म्हणतात ते बघायचं.