प्रतिसाद: हळदीकुंकवात सत्ता कुठे?

"हळदीकुंकू म्हणजे नुसत्या गाठीभेटी, त्यात सत्ता कुठून आली?" असं वर विचारलंय. क्रम बघा. हळद, कुंकू, हाताला अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण. संक्रांत ते रथसप्तमी घरोघर हेच. पहिलं बोट कपाळाला लागतं तिथेच विधवा बाजूला पडते. बोलावलं तरी तिच्या हातावर नुसता तिळगूळ, तोही सगळ्यांदेखत. "नको" असं कुणाला म्हणावंच लागत नाही. घटस्फोटितेपुढे यजमानीण क्षणभर थबकते, आणि ते थबकणंही सगळ्यांना कळतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारचं परिपत्रक निघालं. फार मोलाचं काम. पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं ठरावाने थांबेल. आमंत्रणाच्या यादीपर्यंत तो पोचत नाही.

"विधवांसाठी खास हळदीकुंकू" मला पटत नाही, वेगळी पंगत राहतेच. तबक मध्ये ठेवावं, जिने तिने स्वतः लावून घ्यावं. "लावू का?" विचारायचंच तर पहिलीपासून प्रत्येकीला, एकीलाच नाही. आणि लावणारी कोण, हेही बदला: घरात विधवा सासूबाई असतील तर तबक त्यांच्या हाती द्या.