वार्षिक नियोजनात सन त्झू, हान फेई वगैरे खरोखर वापरता येतात का?

तिमाही

पंपांचे सुटे भाग बनवणारी, साधारण १४० माणसांची कंपनी. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा फेब्रुवारीअखेर ठरवायचा आहे आणि मालकांना या वेळची बैठक सन त्झूच्या 'आर्ट ऑफ वॉर' या जुन्या चिनी युद्धग्रंथाच्या धर्तीवर हवी आहे. अशा बैठकीत पहिल्या स्लाइडवर ड्रॅगन, दुसरीवर सुविचार आणि तिसरीवर तेच जुनं टार्गेट येतं. ते टाळायचं आहे. म्हणून जाणकारांना नेमके प्रश्न:

मूळ ग्रंथात कागदावर उतरवता येईल अशी नियोजनाची काही पद्धत आहे का, की सगळा उपदेशच आहे? कोइमतूरला शाखा काढायचा विचार चालू आहे, तो या चौकटीत कसा तपासायचा? सेल्सची माणसं टार्गेट ठरवताना दरवर्षी आकडा दाबून सांगतात, त्यावर जुन्या चिन्यांकडे काही उतारा आहे का? आणि लाओ त्झूचं 'काही न करणं' शॉप फ्लोअरवर कसं चालायचं? प्रकरण, संदर्भ सांगून लिहिलंत तर बरं. सुविचार नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात.

तागडी

पद्धत आहे, आणि ती पहिल्याच प्रकरणात आहे. मोहिमेआधी पूर्वजांच्या मंदिरात बसून दोन्ही बाजूंची मोजदाद करायची. जिची गणती जास्त भरते ती बाजू जिंकते, जिची कमी भरते ती हरते. इतकं कोरडं आहे ते. पाहायच्या बाबी पाच: वरचे आणि खालचे एकदिलाने आहेत का (दाओ), काळ-ऋतू, भूमी, सेनापती आणि व्यवस्था (हुद्दे, शिस्त, रसद). त्यातून सात तुलना निघतात: कोणत्या राजाकडे दाओ आहे, कोणाचा सेनापती जास्त कुवतीचा, काळ आणि भूमी कोणाला अनुकूल, आज्ञा कोणाकडे पाळल्या जातात, कोणाचं बळ जास्त, कोणाची माणसं तयार, आणि बक्षीस-शिक्षा कोणाकडे स्वच्छ आहे.

कागदावर असं करा. सात ओळी आणि चार रकाने: आपण, तो प्रतिस्पर्धी, पुरावा, पुराव्याची तारीख. 'बाजार' असं मोघम लिहू नका, एका नावाशीच तुलना करा. उत्पादन, विक्री आणि हिशेब या तिघांनी तक्ता वेगवेगळा, एकमेकांशी न बोलता भरायचा. गुण १ ते ५. ज्या ओळीत तिघांच्या गुणांत दोन किंवा जास्त फरक पडेल, ती ओळ कंपनीला माहीतच नाही असं समजायचं आणि बैठकीआधी माणूस पाठवून माहिती काढायची. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात.

दोन ठिकाणी घोळ होतो. पहिल्या ओळीत सगळे स्वतःला पाच देतात. तिथे मत चालत नाही, आकडा लागतो: गेल्या १२ महिन्यांत किती कुशल कामगार सोडून गेले, आणि चालू वर्षाची पहिली तीन उद्दिष्टं किती सुपरवायझरना कागद न बघता सांगता आली. दुसरा घोळ म्हणजे प्रत्येक ओळीला टक्क्यांत वजन देणं. वजन दिलं की मालकांना हवं ते उत्तर निघेपर्यंत वजनं हलतात. ग्रंथात वजनं नाहीत, नुसती मोजणी आहे, आणि तेच बरं आहे.

आता कोइमतूर. दुसरं प्रकरण सरळ खर्चाचं आहे: हजार रथ, हजार मालगाड्या, एक लाख चिलखती सैनिक, हजार ली (अंतराचं चिनी माप) लांबून रसद, म्हणजे रोजचं हजार सुवर्ण. तेवढी तयारी झाल्यावर मग सैन्य उभं राहतं. तुमचाही हिशेब तसाच मांडा. समजा शाखा पूर्ण वेगात महिन्याला २० लाख विकेल. उधारी ७५ दिवसांची धरली तर ५० लाख बाजारात अडकले. ४५ दिवसांचा साठा, लागत विक्रीच्या ७० टक्के, म्हणजे २१ लाख. शाखेचा खर्च महिना साडेतीन लाख आणि स्वतःच्या पायावर यायला सहा महिने, म्हणजे आणखी २१ लाख. झाले ९२ लाख. पुरवठादाराची ३० दिवसांची उधारी, १४ लाख, वजा केली तर ७८. बहुतेक आराखड्यांत यातला फक्त शेवटचा २१ लाखांचा आकडा असतो आणि शाखा तिथेच मरते. त्याच प्रकरणात म्हटलंय की चांगला सेनापती दुसऱ्यांदा भरती करत नाही आणि तिसऱ्यांदा धान्य मागवत नाही. म्हणजे शाखेत पुन्हा पैसे घालायची वेळ आली तर किती वेळा आणि कितीपर्यंत, हे सुरुवातीलाच लिहून सह्या घ्या.

आणि तिसरं प्रकरण विसरू नका. सगळ्यात उत्तम म्हणजे शत्रूचा बेतच मोडणं, मग त्याची युती मोडणं, मग त्याच्या सैन्याशी लढणं. तटबंदीच्या शहरावर हल्ला सगळ्यात वाईट. वेढ्याची सामग्री बनवायला तीन महिने, मातीचे बांध घालायला आणखी तीन. सेनापतीचा धीर सुटला आणि त्याने माणसं मुंग्यांसारखी भिंतीवर चढवली तर एक तृतीयांश सैन्य जातं आणि शहर तसंच उभं राहतं. कोइमतूर पंपांचं माहेरघर आहे, तिथे स्थानिक सुट्या भागांच्या दुकानांशी भावात भिडणं म्हणजे भिंतीवर माणसं चढवणं. युतीच्या पायरीवर विचार करा: तिथल्या एखाद्या पंप बनवणाऱ्याला थेट पुरवठा, त्याच्या खोक्यात, त्याच्या नावाने. ७८ लाखांतली निम्मी तरी रक्कम वाचेल, कारण काउंटरवरचा साठा आणि किरकोळ उधारी दोन्ही जातात.

साशंक

तागडींशी बराचसा सहमत, पण एक इशारा. सन त्झूचं अकरावं प्रकरण एचआरच्या हाती देऊ नका. त्यात सैनिकांना बेत कळू देऊ नये, मेंढरांसारखं इकडून तिकडे हाकावं, वर चढवून शिडी काढून घ्यावी असं स्पष्ट लिहिलंय. व्याख्यानांत हा भाग वगळतात किंवा 'कमिटमेंट' म्हणून विकतात. मरणाच्या दारात ढकललेला सैनिक लढतो, कारण पळायला जागा नसते. सीएनसीवरच्या कामगाराला जागा आहे, शेजारच्या कंपनीचं गेट.

उपयोगाचं वाक्य नवव्या प्रकरणात आहे. माणसं जोडली जाण्याआधी शिक्षा केली तर ती ऐकत नाहीत, आणि जोडली गेल्यावरही शिक्षा होत नसेल तर ती कामाची राहत नाहीत. नवीन विभागप्रमुखाला पहिले तीन महिने शिस्तीची कारवाई करू देऊ नये, आणि चौथ्यापासून टाळूही देऊ नये. बरेच जण बरोब्बर उलटं करतात: आल्याआल्या दोन मेमो आणि नंतर वर्षभर मैत्री.

मुनीम

दाबून सांगितलेल्या आकड्यांवरचा उतारा हान फेईकडे आहे. हा हान राज्यातला राजपुत्र, इ.स.पू. २३३ मध्ये शेजारच्या छिन राज्याच्या तुरुंगात मेला. त्याच्या 'दोन मुठी' या सातव्या प्रकरणातली रीत अशी: मंत्री बोलतो, राजा त्याच्या बोलण्यानुसार काम देतो, आणि फळ कामाशी व काम बोलण्याशी ताडून पाहतो. जुळलं तर बक्षीस, नाही तर शिक्षा. इथवर कोणीही सांगेल. मासलेवाईक भाग पुढे आहे. थोडं बोलून जास्त करून दाखवलं तरी शिक्षा! मोठं फळ राजाला नको असतं म्हणून नव्हे. बोलणं आणि फळ न जुळण्याने होणारं नुकसान त्या फळापेक्षा मोठं, म्हणून. उदाहरण हानच्या चाओ या अधिपतीचं: दारू पिऊन झोपला, मुकुट सांभाळणाऱ्याने थंडी वाजू नये म्हणून अंगावर वस्त्र टाकलं, तर उठल्यावर त्याने वस्त्र सांभाळणाऱ्याला आणि मुकुटवाल्याला, दोघांनाही दंड केला. एकाने काम केलं नाही, दुसऱ्याने स्वतःचं सोडून दुसऱ्याचं केलं.

कारखान्यात याचा अर्थ सरळ आहे. सेल्सने तिमाहीला १०० सांगितले आणि १६० आणले की मिठाई वाटली जाते. त्याच वेळी खरेदीवाला कास्टिंग चढ्या भावाने उचलत असतो, ओव्हरटाइम चढलेला असतो, आणि घाईत तपासणी सुटून माल परत येत असतो. वर ते ६० पुढच्या तिमाहीतूनच आणलेले असू शकतात, डीलरच्या गळ्यात माल मारून.

पण हान फेई जसाच्या तसा लावलात तर माणसं १६० ची ऑर्डर खिशात ठेवून १०० दाखवतील आणि उरलेली एप्रिलला काढतील. म्हणून दोन खाती वेगळी करा. इन्सेंटिव्ह प्रत्यक्ष विक्रीवर आणि आलेल्या पैशांवर. अंदाजाची अचूकता वेगळी मोजा, पट्टा वर-खाली १५ टक्के. सलग दोन तिमाही पट्ट्याबाहेर गेलेल्याचा आकडा पुढच्या वेळी त्याच्या तोंडून न घेता मागच्या चार तिमाहींच्या सरासरीवरून धरा. मान जाते ती पुरेशी शिक्षा असते. पैसे कापू नका. आणि अंदाज तिमाही सुरू होण्याआधी लेखी घ्या, महिना उलटल्यावर सुधारलेला अंदाज बाद.

बक्षिसाबद्दल छिनचा सुधारक मंत्री शांग यांग बघा. इ.स.पू. ३५६ च्या सुधारणांआधी त्याने बाजाराच्या दक्षिण दरवाजाशी एक खांब रोवला आणि उत्तर दरवाजाशी नेणाऱ्याला १० सुवर्ण जाहीर केले. कोणी हात लावला नाही. मग ५० केले, एकाने नेला, त्याला तिथल्या तिथे ५० दिले. कायदा त्यानंतर जाहीर झाला. नवीन इन्सेंटिव्ह योजनेचा पहिला हप्ता म्हणूनच लहान ठेवा, पण ठरल्या तारखेला द्या. पहिलाच हप्ता 'ऑडिटनंतर बघू' झाला की योजना संपली.

अवांतर: याच शांग यांगला इ.स.पू. ३३८ मध्ये पळावं लागलं तेव्हा ओळखपत्र नाही म्हणून सराईवाल्याने जागा दिली नाही. नियम त्याचाच होता.

तिमाही

सर्वांचे आभार. थेट पुरवठ्याचा पर्याय यादीतच नव्हता, तो घातला. आणखी एक: गनमेटलचे भाव तांब्याबरोबर नाचतात आणि आमचा हंगाम जेमतेम फेब्रुवारी ते मे. खरेदीवर काही आहे का यांच्याकडे? की सगळे राजे आणि सेनापतीच?

गोदामराव

व्यापाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि लोक ते वाचत नाहीत. प्राचीन चिनी इतिहासकार सीमा छ्येनच्या ग्रंथाचं १२९ वं प्रकरण. त्यात जी रान या राजाच्या सल्लागाराचा सल्ला आहे: दुष्काळात नावा घेऊन ठेवा, पुरात गाड्या. भाव चढला की माल शेणामातीसारखा बाहेर काढा, उतरला की रत्नासारखा उचला. पैसा पडून ठेवू नका, नासणारा माल साठवू नका. आणि धान्याचा भाव २० पर्यंत उतरला तर शेतकरी मरतो, ९० पर्यंत चढला तर व्यापारी. म्हणून वर ८० च्या पुढे जाऊ देऊ नये आणि खाली ३० च्या आत येऊ देऊ नये, दोघांचं भागतं.

तुमच्यासाठी: फाउंड्रीशी वर्षाचा करार करा, आधारभाव ठरवून वर-खाली मर्यादा घाला. भाव मर्यादेत फिरला तर काही बदल नाही, बाहेर गेला तर जादाचा फरक दोघांत निम्मा. फक्त वरची मर्यादा मागाल तर तांबं चढल्यावर फाउंड्री डिलिव्हरी रेंगाळवते, भाव कागदावर राहतो आणि माल येत नाही. जी रानने दोन्ही टोकं बांधली ती त्यासाठीच.

नावांचा मुद्दा म्हणजे पावसाळा. जुलै ते सप्टेंबर पंपाचं मार्केट थंड असतं, फाउंड्रीला काम हवं असतं. तेव्हा चालणाऱ्या मापांचे कास्टिंग उचला, मशीनिंग करू नका. कच्चं कास्टिंग कोणत्याही ऑर्डरला वळवता येतं, शिवाय मजुरी अडकत नाही. वर्षाला ४ पेक्षा कमी वेळा विकली जाणारी मापं यात घेऊ नका. रबरी सील आणि ओ-रिंग तर अजिबात नाहीत, ते तुमचं नासणारं धान्य.

आडवाट

लाओ त्झू राहिला. त्याच्या 'दाओ द चिंग' या ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात राज्यकर्त्यांच्या चार पायऱ्या आहेत: ज्याचं अस्तित्व फक्त माहीत असतं तो सर्वोत्तम, मग ज्याच्यावर लोक प्रेम करतात तो, मग ज्याला भितात तो, शेवटी ज्याला तुच्छ लेखतात तो. साठाव्यात मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासा शिजवणं असं म्हटलंय. सारखा उलथला की मोडतो. मालकांनी घरी बसावं असा याचा अर्थ नाही.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण म्हणजे चीनमधल्या छिंगदाओची फ्रिज वगैरे बनवणारी कंपनी हायर. (त्यांचा एक कारखाना आपल्या रांजणगावलाही आहे.) तिचे तेव्हाचे प्रमुख झांग रुईमिन यांनी १९८५ मध्ये ७६ सदोष फ्रिज कामगारांकडूनच हातोड्याने फोडवले, ही गोष्ट सगळे सांगतात. ती शांग यांगच्या खांबाच्या जातीची आहे. लाओ त्झूचा दाखला ते देत आले तो नंतरच्या रचनेसाठी, २००५ पासूनच्या. मधल्या व्यवस्थापकांची दहा हजारांवर पदं गेली आणि कंपनी हजारो छोट्या गटांत विभागली. प्रत्येक गटाला तीन अधिकार मिळाले: निर्णयाचा, माणसं निवडण्याचा आणि मिळकत वाटण्याचा. सोबत नफा-तोट्याचा स्वतंत्र हिशेब. हस्तक्षेप न करणं परवडलं ते या हिशेबामुळे. हिशेब नसताना अधिकार दिले की तीन महिन्यांत रोख अडकते आणि मालक दुप्पट जोराने परत येतात. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

१४० माणसांत तीन अधिकार एकदम देऊ नका. एक लाइन निवडा, १२ ते १५ जणांची. तिचा महिन्याचा हिशेब आधी दोन महिने नुसता काढून दाखवा: आलेलं कास्टिंग, टूलिंग, वीज, रिजेक्शन, गेलेला माल. आकड्यांवरचं भांडण मिटलं की टूलिंगच्या खरेदीचा अधिकार द्या, समजा महिन्याला ५० हजारांपर्यंत, सही लाइनप्रमुखाची. माणसं निवडण्याचा अधिकार दुसऱ्या तिमाहीत, वाटणीचा शेवटी. आणि एक रजिस्टर ठेवा: अधिकारात बसणाऱ्या किती गोष्टी तरीही मालकांच्या टेबलावर गेल्या, आणि त्यातल्या किती त्यांनी स्वतःच मागवून घेतल्या. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुसऱ्या लाइनला हात लावू नका.