सल्ला हवा: मुलांच्या इंग्रजीतल्या त्याच त्या चुका कशा घालवायच्या?

हर्णैकरीण

नमस्कार मंडळी. हर्णै-पाजपंढरीकडची काही मुलं-मुली संध्याकाळी गावातल्या वाचनालयात इंग्रजीच्या सरावाला जमतात. कुणाला जीपी रेटिंग (खलाशाच्या कामाचा कोर्स) करून बोटीवर जायचंय, कुणाच्या घरी होमस्टे आहे, कुणाला दापोलीत नोकरी हवी आहे. सगळी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, शब्द भरपूर येतात. पण चुका ठरलेल्या. पर्यटकांना पाठवलेले हे निरोप बघा:

वुई आर नॉट हॅविंग एसी रूम.
आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.
बोटमॅन डिड नॉट केम टुडे.
आय डोन्ट नो व्हेअर इज युअर ड्रायव्हर.

मी सगळं लाल पेनाने दुरुस्त करून देते. मुलं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाजारातल्या पुस्तकांत काळांचे तक्ते असतात, ते तर यांना तोंडपाठ आहेत. पोरं हुशार आहेत हो, एवढ्याशा गोष्टीवरून मुलाखतीत मागे पडायला नकोत. कुणी शिकवत असेल तर कृपया सांगा, नेमकं काय करावं?

चिपळूणचे मास्तर

ताई, नमुने अगदी नेमके दिलेत. या चारही चुका मुलं मराठीतून विचार करतात म्हणून होतात. त्यामुळे इंग्रजीचा तक्ता दाखवून जात नाहीत. शेजारी मराठी वाक्य लिहून दाखवावं लागतं.

'बोटवाला आला नाही.' मराठीत नकार आला तरी 'आला' तसाच राहतो. मुलगा तेच इंग्रजीत करतो: डिड नॉट केम. त्याला एवढंच सांगायचं की 'डिड'ने भूतकाळ दाखवून झाला, पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेव. डिड नॉट कम. प्रश्नातही तसंच: डिड ही कम?

'पासून'चा घोळ जास्त खोल आहे. '2022 पासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्हीकडे आपण 'पासून' म्हणतो, म्हणून मुलं दोन्हीकडे सिन्स लावतात. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता आलं तर सिन्स: सिन्स मंडे, सिन्स 2022. नुसता मोजलेला काळ असेल तर फॉर: फॉर टू इयर्स. शिवाय त्या वाक्यात दुसरीही चूक लपली आहे. काम अजून चालू आहे म्हणून 'आय ॲम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. दोन्ही चुका एकाच दिवशी घेऊ नका. आधी सिन्स-फॉर पक्कं होऊ द्या.

'आहे' दिसलं की मुलं ॲम-इज-आर घालतात आणि क्रियापदाला आयएनजी जोडतात. हॅव, नो, वाँट, बिलाँग ही स्थिती सांगणारी क्रियापदं आहेत. खोली असणं ही स्थिती, म्हणून वुई डोन्ट हॅव ॲन एसी रूम. पण 'वुई आर हॅविंग लंच' बरोबर, कारण जेवणं ही क्रिया आहे. हा फरक नाही सांगितला तर मुलं हॅविंगलाच घाबरून बसतात.

ड्रायव्हरच्या वाक्यात प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलाय. तिथे साधा क्रम ठेवायचा: आय डोन्ट नो व्हेअर युअर ड्रायव्हर इज.

आता लाल पेन. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथले शिक्षक बहुतेक वेळा चुकीचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत, आणि मुलं नेमकी त्यावरच सगळ्यात कमी सुधारणा करत. शिक्षकाने नुसता इशारा देऊन थांबलं तर मुलं स्वतः शोधत. म्हणून उत्तर देऊ नका. ओळीखाली रेघ मारा आणि वही परत करा. तोंडी असेल तर 'डिड नॉट…?' म्हणून थांबा. मुलाच्या तोंडून 'कम' येऊ द्या.

एका आठवड्याला एकच चूक धरा. बाकीच्या दिसल्या तरी सोडा. हे जड जातं, पण करा.

तारकर्ली

बरा विचारलंस गो बाय. आमच्याकडे पाहुण्यांशी बोलणाऱ्या मुलांना मी अ आणि ॲन असं शिकवते: शब्द देवनागरीत लिहून बघायचा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. ॲन अवर, ॲन एक्स-रे, ॲन एमएलए. पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे तिकीट. इंग्रजी स्पेलिंग बघून मुलं फसतात, कारण तिथे अवर एचने आणि युनिव्हर्सिटी यूने सुरू होते. आपल्या लिपीत बहुतेक वेळा उच्चारच दिसतो, त्यामुळे फार घोकावं लागत नाही. फक्त 'इयर' फसवतं, तिथे अ इयर.

गुहागरवाला

मला वाटतं व्याकरणाचा एवढा बाऊ नको. मुलांना बोलू द्या. खोली नाही हे पाहुण्याला कळलं ना? आधीच आपली मुलं बुजरी, त्यात चुका काढल्या तर तोंडच उघडणार नाहीत.

जुना बोसन

गुहागरवाले, होमस्टेपुरतं ठीक आहे. मी बोटीवर आयुष्य काढलंय, तिथे हे चालत नाही. एका ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, चार देशांची माणसं असतात, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. म्हणून तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरावीक वाक्प्रयोगांचा संच मंजूर केला, एसएमसीपी म्हणतात त्याला. जीपी रेटिंगवाल्या मुलांना तो आत्तापासून दाखवा.

त्यात 'मे' वापरू नका असं स्पष्ट आहे. 'मे आय एंटर द फेअरवे?' विचारायचं नाही (फेअरवे म्हणजे जहाजांचा ठरलेला जलमार्ग). आधी 'क्वेश्चन' म्हणायचं, मग 'डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?' कारण 'मे'मध्ये परवानगीही येते आणि शक्यताही. 'शुड'सुद्धा टाळायचं. सल्ला असेल तर आधी 'ॲडव्हाइस' शब्द, मग सरळ वाक्य. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, 150 असेल तर वन-फाइव्ह-झिरो, एकेक आकडा सुटा. व्हीएचएफ रेडिओवर खरखर चालू असते, त्यात आकडे एकमेकांत मिसळले तर ऐकणारा भलतंच समजतो.

या मुलांना मोठं साहित्यिक इंग्रजी नको. छोटी, एकाच अर्थाची वाक्यं पाहिजेत. पण ती बिनचूक पाहिजेत.

चिपळूणचे मास्तर

बोसनसाहेब, अगदी पटलं. गुहागरवाल्यांचंही एक खरं आहे: मुलगा बोलत असताना मध्येच टोकू नये. बोलू द्यावं, आपण कागदावर टिपून ठेवावं आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहावं, 'यातलं कुठलं वाक्य दुरुस्त करायचंय?' सगळे मिळून शोधतात, कुणाचाच अपमान होत नाही.

आणि ताई, सगळ्याच गोष्टी चुका समजू नका. 'टुडे मॉर्निंग' मुलाखतीपूर्वी सुधारा, धिस मॉर्निंग म्हणायला लावा. पण पाहुण्याला 'अवर कझिन ब्रदर विल पिक यू अप' लिहिलं तर मी त्याला हातही लावणार नाही. आधी डिड आणि सिन्स.

हर्णैकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात फक्त 'डिड' घेते. मुलांच्याच निरोपांतली वाक्यं नावं काढून फळ्यावर लिहीन, मराठी वाक्य शेजारी. बोसनकाका, एसएमसीपीतली पहिल्यांदा शिकवावीत अशी दहा-बारा वाक्यं इथे द्याल का? दोन मुलांची मुलाखत जवळ आली आहे.

जुना बोसन

रात्री टाकतो. सुकाणूच्या ऑर्डरींपासून सुरू करा: मिडशिप्स (सुकाणू मधोमध), स्टेडी (जहाजाचं वळणं थांबवा), पोर्ट टेन (सुकाणू डावीकडे दहा अंश). ऑर्डर ऐकली की मुलाने ती जशीच्या तशी मोठ्याने परत म्हणायची, मगच हात हलवायचा. ही सवय आधी लावा.