पशुवैद्यकाला आपल्या कामातून मनाचे समाधान कितपत मिळते?

प्रश्न : पालक, गुहागर

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी झाली आणि तिने 'नीट'ही दिली. गुण बरे आहेत, त्यामुळे आयुर्वेद किंवा दंतवैद्यकाला कुठेतरी जागा मिळेल, परंतु तिने पशुवैद्यकीय पदवीचाच हट्ट धरला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हे मानवलेले नाही. मुलीच्या जातीने रात्री-अपरात्री लोकांच्या गोठ्यात जायचे आणि शेणामुतात बसायचे, हे त्यांच्या पचनी पडत नाही, आणि शेजारीपाजारीही 'गुरांची डॉक्टर होणार काय?' असे विचारताना हसू लपवत नाहीत.

अभ्यासक्रमाची चौकशी मी केली आहे. आंतरवासितेच्या एका वर्षासह साडेपाच वर्षे लागतात, परळचे महाविद्यालय 1886 सालापासून चालू आहे, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथेही सोय आहे, एवढे मला समजले. मला विचारायचे आहे ते निराळेच आहे. ज्या रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही आणि आपल्याला कोणी बरे केले हेही उमगत नाही, त्याच्या सेवेत आयुष्य घालवणाऱ्याच्या पदरात मनाच्या दृष्टीने नेमके काय पडते? अनुभवी मंडळींनी कृपया आडपडदा न ठेवता लिहावे.

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी, कुडाळ

ताई, पदरात पुष्कळ पडते, पण ते एखाद्या प्रसंगात मोजता येत नाही. एकाच मुलखात जो टिकून राहतो त्यालाच ते कळत जाते.

एक उदाहरण देतो. म्हैस अडते तेव्हा बऱ्याचदा गर्भाशयाला पीळ पडलेला असतो. कळा येऊन विरून जातात, पाणमोट दिसत नाही, आणि हात आत घातला की मार्ग पिळलेल्या धोतरासारखा बोटांना लागतो. पीळ उजवा की डावा हे त्या बोटांनीच ओळखायचे असते. मग म्हशीला त्याच कुशीवर पाडून पाय बांधतात, पोटावर लांब फळी टेकवून तिच्यावर एक माणूस उभा राहतो, आणि बाकीचे दोर ओढून म्हशीला पिळाच्याच दिशेने लोळवतात. फळीच्या दाबामुळे गर्भाशय जागच्या जागी राहते, शरीर त्याच्याभोवती फिरते आणि पीळ सुटतो. हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हेच. आषाढातील रात्री, वीज गेलेली असताना, बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे भाऊबंद बॅटरीच्या उजेडात एकाच दोराला हात लावताना मी पाहिले आहेत. पीळ सुटला की आत कोंडलेले पाणी भळकन बाहेर येते आणि इतका वेळ न सापडणारे रेडकाचे खूर बोटांना लागतात. रेडकू जिवंत असेलच असे नाही, उशीर झालेला असेल तर बहुधा नसतेच, परंतु म्हैस वाचली तर त्या घराचे दूध आणि त्या दुधावर चालणारी मुलांची शाळा वाचलेली असते.

खरे समाधान मात्र पुढे आहे. आपण ओढून काढलेली पारडी काही वर्षांनी स्वतः व्यायला झाली की तिच्यासाठी आपल्यालाच बोलावणे येते, आणि गोठ्यात शिरताच घरातील म्हातारी सांगते की ही त्या अडलेल्या म्हशीचीच. तीन पिढ्यांची गुरे आणि तीन पिढ्यांची माणसे अशी नजरेखालून गेली की तो मुलूख आपला होतो. शासकीय नोकरीत दर काही वर्षांनी बदली होऊन नेमके हेच सुख तुटते. ही माझी तक्रार निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

आमच्या पिढीला आणखी एक सुख लाभले. गोठेच्या गोठे रिकामे करणारा बुळकांडी हा रोग 2011 मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. माणसांतील देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग. लशीची पेटी घेऊन वाड्या-वस्त्या पालथ्या घालणाऱ्या आणि प्रसंगी लोकांच्या शिव्या खाणाऱ्या असंख्य सामान्य कर्मचाऱ्यांचा त्यात वाटा आहे. आजच्या तरुण शेतकऱ्याला त्या रोगाचे नावही ठाऊक नसते, याचा आम्हांला आनंदच वाटतो.

उत्तर : लहान प्राण्यांची पशुवैद्यक, रत्नागिरी

वरील उत्तर मला पटते, तरीही यशस्वी रात्रींच्या आठवणी निवृत्तीनंतर अधिक उजळ होतात, असे अदबीने नोंदवते. माझा दवाखाना कुत्र्या-मांजरांचा आहे. लस न घेतलेली पिल्ले पार्व्होने आजारी पडून येतात. रक्ताची हगवण आणि न थांबणाऱ्या उलट्या चालू असतात. या विषाणूवर आपल्याकडे थेट मारा करणारे औषध नाही; सलाईन, उलटी थांबवणारी आणि इतर जंतुसंसर्ग रोखणारी औषधे देत पिल्लाला तगवून धरायचे, एवढेच हातात असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातले एखादे मान उचलते आणि अडखळत पाण्याच्या वाटीकडे स्वतःहून जाते, तेव्हा झालेला आनंद कोणाला समजावून सांगता येत नाही. परंतु त्याच आठवड्यात शेजारच्या पिंजऱ्यातील पिल्लू जाते, आणि लस पुढच्या महिन्यात देणारच होतो, असे मालक सांगतो. शिवाय औषधांचे बिल पाहून 'मुक्या जिवाचे पैसे घेता?' असे विचारणारेही भेटतात. पहिली काही वर्षे हा प्रश्न फार लागतो.

सर्वांत अवघड काम म्हणजे ज्याला आराम पडण्याची आशाच उरलेली नाही अशा जनावराला वेदनामुक्त मरण देणे. माणसांच्या डॉक्टरला हा अधिकार नाही, आम्हांला आहे. मालकाच्या मांडीवर डोके ठेवून कुत्रा शांतपणे जातो, आणि तोच मालक पुढे कधीतरी नवे पिल्लू घेऊन माझ्याकडेच येतो. याला समाधान म्हणावे की काय म्हणावे हे मी ठरवलेले नाही, पण एवढा विश्वास दुसऱ्या कोणत्या कामात वाट्याला येतो, हे मला माहीत नाही.

आपल्या घरच्यांच्या शंकेविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. अडलेल्या शेळीचा मार्ग अरुंद असतो आणि तेथे लहान हाताचाच उपयोग होतो. मोठ्या जनावरांचे काम करणारे माझे धिप्पाड सहकारी अशा वेळी मला आवर्जून बोलावतात. 'बाईमाणूस काय करणार' म्हणणारे आजोबा त्यानंतर गप्प बसतात. (जाळ्यात जखमी झालेले ऑलिव्ह रिडले कासव समुद्रात परत सोडतानाची छायाचित्रे लोकांना फार आवडतात, मलाही आवडतात, पण त्या छायाचित्रांच्या मोहाने कोणी या व्यवसायात येऊ नये.)

उत्तर : शेळीपालक, लांजा

मी डॉक्टर नाही, त्यामुळे दावणीच्या या बाजूने लिहितो. आमची तिसऱ्या वेताची संकरित गाय व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार, नाकावरचा घाम सुकलेला. कोणी दृष्ट लागली म्हणाले, कोणी पान लागले, म्हणजे साप चावला, म्हणाले. डॉक्टरांनी पाहताच दुग्धज्वर सांगितला. नुकत्याच व्यायलेल्या दुभत्या गाईच्या रक्तातील कॅल्शियम दुधात उतरून एकाएकी कमी पडते, त्याचा हा आजार. त्यांनी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरली, मानेच्या शिरेत सुई घातली आणि दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप लावून बसले. आम्ही घाई करत होतो, तरी त्यांनी धार वाढवली नाही, कारण औषध भरभर गेले तर हृदयच बंद पडते, असे ते म्हणाले. बाटली संपत आली तशी गाईच्या अंगावर थरथर आली, नाक ओलसर झाले, तिने मोठा ढेकर दिला आणि शेण टाकले. डॉक्टरांना पुढे राजापूरकडे जायचे होते आणि फोन वाजत होता, तरी ते खळ्याच्या कडेला बसून राहिले आणि गाय चारी पायांवर उभी राहिल्यावरच त्यांनी गाडीला किक मारली. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी तेथे दिसले.

आम्ही पशुपालक आभार मानण्यात कमी पडतो, हेही खरे. शेळ्यांना पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लस टोचली की पुढे काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. पण बोकड कधी विकावा आणि नवी पाट कोठून आणावी इथपर्यंतचा सल्ला आम्ही डॉक्टरांनाच विचारतो, तो उगीच नाही.

प्रश्नकर्त्या पालक, गुहागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही उत्तरे मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. लहान हाताच्या मुद्द्यावर सासूबाई हसल्या, त्यामुळे निम्मे काम झाले असे समजते. प्रवेशाची फेरी सुरू होण्यापूर्वी मुलीला हे काम जवळून पाहता येईल का?

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी, कुडाळ

अवश्य. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विनंती करून तिला काही सकाळी तेथे बसू द्यावे. गुहागरात आंबा-काजूच्या बागांसोबत शेळ्या आणि गाई पाळणारी घरे आहेत, त्यामुळे पाहण्यासारखे पुष्कळ मिळेल. जाण्यापूर्वी तिला रेबीजची प्रतिबंधक लस द्यावी, कारण या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि गाभडलेल्या जनावराला किंवा त्याच्या वारेला तिने हातमोज्यांशिवाय मुळीच हात लावू नये. ब्रुसेलोसिस त्यातूनच माणसाला होतो, त्याचा ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही, आणि आमच्या व्यवसायातील अनेकांना तो उमेदवारीच्या काळातच झालेला आहे.