डीव्हीडी असतानाही २००४ चा गेम पाच सीड्यांवर का?

माळा_आवरतोय

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत 'हाफ-लाइफ २' चा डबा सापडला. आत पाच सीड्या. मुलगी म्हणाली, "बाबा, पाच गेम?" म्हटलं, नाही गं, एकच आहे, पाच तुकड्यांत. तिला पटलं नाही. आणि आता मलाही पटेना. डीव्हीडी जपानात १९९६ लाच विकायला आली होती. मग आठ वर्षांनीसुद्धा गेमवाले सीड्याच का कोंबत होते?

दुसरं म्हणजे तिसरी सीडी वाचली जात नाहीये. मऊ फडक्याने पुसून झाली. काही उपाय?

गेमर_१९८८

कंपन्यांची हाव, दुसरं काय! डबा जाड दिसला की गिऱ्हाईक खूश.

सांगलीचा_असेंबलर

हाव कसली भावा, पाच चकत्या छापायच्या म्हणजे त्यांचाच खर्च. कारण बाजूला सारून ठेवलंय सगळ्यांनी, ते म्हणजे आपल्या घरातलं कॅबिनेट.

मी २००१ ते २००८ सांगलीत पीसी जोडून विकायचो. पालक यायचे, कोटेशन घ्यायचे, आकडा बघून गप्प बसायचे. मग विचारायचे, "यातलं काय कमी करता येईल?" रॅमला हात लावला तर मशीन रडणार. मॉनिटर तर शेजाऱ्यांना दाखवायचा असतो. मग कात्री डीव्हीडी ड्राइव्हवर. "पोराला अभ्यासाला घेतोय, सिनेमा बघायला नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कोटेशनवर छापून ठेवायला हवं होतं. ५२एक्स वेगाचा, फक्त सीडी वाचणारा ड्राइव्ह बसायचा आणि विषय संपायचा.

अमेरिका-युरोपात हीच गत जरा वरच्या पातळीवर. डीव्हीडी ड्राइव्ह सीडी वाचतो, पण सीडी ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. डीव्हीडीवरचे खड्डे इतके बारीक आणि इतके दाटीने बसवलेले असतात की जुन्या ड्राइव्हला तिथं काही उमगतच नाही. म्हणजे फक्त डीव्हीडी काढली तर जुनं मशीन असलेलं गिऱ्हाईक गेलंच. सीडी काढली तर दोघंही खेळणार. म्हणून सीडीत ७०० एमबी आणि डीव्हीडीत ४.७ जीबी मावत असूनही दुकानात सीड्यांचा गठ्ठाच यायचा. 'अनरिअल टूर्नामेंट २००४' तर सहा सीड्यांवर होता. त्याची डीव्हीडीही निघाली होती, पण खास आवृत्ती म्हणून. काय दिवस होते, एक चकती कमी वापरायला मिळणं हीच चैन!

२००५ मध्ये पीसीवरचा 'सॅन अँड्रियास' डीव्हीडीवर आला तेव्हा हवा बदलली. एक काका तो डबा घेऊन थेट माझ्या दुकानात. "तुझा ड्राइव्ह बिघडलाय, चकती गरगर फिरते आणि काहीच येत नाही." ड्राइव्ह ठणठणीत होता, सीडीचा होता एवढंच. पोरगं मागे मान खाली घालून उभं. त्या आठवड्यात कॉम्बो ड्राइव्ह (सीडी लिहिणारा आणि डीव्हीडीही वाचणारा) बसवला. पुढच्या वर्षीचा 'ऑब्लिव्हियन' डीव्हीडीवरच होता, तेव्हा तेच काका मला म्हणाले, "बघ, आधीच घेऊन ठेवला ते बरं झालं."

बेटावरची_बाई

इन्स्टॉल करताना सीडी बदलणं परवडलं हो. १९९७ चा 'रिव्हन' पाच सीड्यांवर होता आणि खेळता खेळता चकती बदलावी लागायची. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर निघालं की आधी ट्रे उघडा. माझा भाऊ फक्त त्या कामासाठी शेजारी बसवलेला असायचा.

सांगलीचा_असेंबलर

ताई, भावाला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे मात्र इन्स्टॉललाच घाम फुटायचा, कारण भारनियमन. चौथी सीडी निम्मी झाली की लाइट जाणार, आणि परत आली की पहिलीपासून सुरुवात. मग मी सगळ्या सीड्या एका फोल्डरमध्ये उतरवून तिथून सेटअप चालवायला शिकवायचो. बऱ्याच गेमना ते चालायचं. डीव्हीडी आल्यावर पोरं तिची इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची एकाच फाइलमधली नक्कल, बनवून ठेवायला लागली, तर तिथं वेगळीच अडचण. हार्ड डिस्कवरचा डी ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीच्या मांडणीचा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. "जागा २० जीबी आहे तरी नाही म्हणतोय" अशी तक्रार घेऊन रोज कोणीतरी दारात.

आता तुमची तिसरी सीडी. खालची बाजू पुसून काय उपयोग, वरची बघा. सीडीचा चमकणारा थर छापील चित्राच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ पापुद्रा. बल्बसमोर धरा. टाचणीएवढा उजेड आरपार दिसला तर तिथला डेटा गेला, त्यावर कोलगेट चोळूनही उपयोग नाही. डीव्हीडीत हाच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे चिकटवलेला असतो, म्हणून वरून ओरखडा आला तरी सहसा निभावतं. आणि मधल्या भोकापाशी तडा दिसला तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. ५२एक्सच्या वेगात फुटलेल्या सीडीचा आवाज मी ऐकलाय, दुकानातला चहावाला पोरगा टेबलाखाली गेला होता.

माळा_आवरतोय

बल्बसमोर धरली. तीन भोकं. एक तर बरोबर छापील अक्षरावर मी पेनने "३" लिहिलंय तिथेच. गेली म्हणायची.

सांगलीचा_असेंबलर

पेनने! असो. पण तुमचं नुकसान काही नाही. 'हाफ-लाइफ २' ला तेव्हाही पाच सीड्या घालून झाल्यावर इंटरनेटवरून स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातल्या खात्यावर नोंद करावी लागायची. ज्या खात्यावर डब्यातला कोड नोंदवलाय त्यात शिरा आणि गेम सरळ उतरवून घ्या, सीडी लागतच नाही. खातं आठवतंय ना?

माळा_आवरतोय

आठवलं. आमच्याकडे तेव्हा नेट नव्हतं, म्हणून आतेभावाच्या घरी जाऊन त्याच्या खात्यावर नोंदवला होता. गेल्या गणपतीत त्याच्याशी जमिनीवरून वाजलंय. डबा परत ट्रंकेत ठेवतो तूर्तास.

बेटावरची_बाई

फोन करा हो. पाडव्याचं निमित्त आहेच.