बाबांच्या २०१२ च्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू का लिनक्स?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांचा २०१२ ला घेतलेला लॅपटॉप आहे, आय३ सेकंड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज १० आहे पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चालू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो विंडोज ११ टाकून देतो. बाबा रिटायर्ड मास्तर, पेपर वाचणं, बँकेची साइट आणि मराठीत लिहिणं एवढंच काम. पण वीस वर्षांचे लेख श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेत, ते गेले तर मला घरात तोंड दाखवता येणार नाही.

पेनड्राइव्हवाला:
विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ नंतरचा. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी बंद करता येते, दुकानदार तेच करणार. चालेलही, पण असल्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि बँकेचं काम करायचंय म्हणताय, म्हणून माझं मत नको. लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) ची एक्सएफसीई, म्हणजे हलकी आवृत्ती टाका, २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

जुनाच_बरा:
मिंटला +१, पण भाऊ आधी ती हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (त्याच जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा, खरा अडथळा तिथंच आहे. काढलेली डिस्क फॉरमॅट करू नका!! तशीच कपाटात ठेवा, लेख त्यातच सुरक्षित. रॅम डीडीआर३ प्रकारची असणार, सेकंडहँड ४ जीबीची पट्टी मिळाली तर घालाच.

खिळे_जुळवणारा:
श्रीलिपीचं सांगतो, डीटीपीत आयुष्य गेलंय. ते युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही, त्यामुळे फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात आणि लोक घाबरतात. मजकूर जागेवरच असतो. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून श्रीलिपीचे टीटीएफ (फाँटच्या फाइली) कॉपी करून घ्या, मिंटमध्ये होम फोल्डरात .fonts नावाचं फोल्डर करून त्यात टाका, लिबर ऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) मराठी दिसेल. नवीन लिखाण मात्र युनिकोड इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) करायला लावा, आठवडाभर बोटं अडखळतील.

कृष्णाकाठ:
मंडळी, झालं! आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितलं तर वायफायच सापडेना, मग मोबाईल यूएसबीने जोडून नेट दिलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉम वायफाय चिपचा ड्रायव्हर घेतला. बँकेची साइट सर्टिफिकेटची चूक दाखवत होती, बघतो तर तारीख २०१२ ची, आतलं घड्याळ चालू ठेवणारा सीएमओएस सेल संपलेला, तोही बदलला. एसएसडीमुळे आता अर्ध्या मिनिटात चालू होतो. फाँट टाकून २००४ चा एक लेख उघडला, पहिल्या ओळीतला "ज्ञ" नीट दिसला तसा बाबांनी चष्मा लावून पूर्ण लेख तिथंच वाचून काढला. इनस्क्रिप्टचा तक्ता प्रिंट काढून भिंतीला लावलाय.